चाड्यावरची मूठ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या कडप्प्यावर, पत्र्याच्या डब्यांची एक रांग आहे. कोणी बिस्किटांचा डबा आणलेला आहे, कोणी तेलाचा कापून आणलेला, कोणी रंगाचा घासून घासून स्वच्छ केलेला. प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने भोके पाडलेली आहेत आणि प्रत्येकात माती आहे. डब्यावर चिठ्ठी आहे. पण तिच्यावर मुलाचे नाव नाही, रानाचे आहे. 'नदीकाठ', 'बरड', 'चोपण', 'विहिरीचं', 'आजीचं', 'कालव्याखालचं'. शाळेत येणारे पाहुणे आधी संगणकाच्या खोलीकडे वळतात. माझे विद्यार्थी त्यांना आधी या डब्यांपाशी आणतात. मी तसे सांगितलेले नाही. त्यांना तसे वाटते.

घनसावंगी तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी शेती हा विषय शिकवते. माझे माहेर जाफराबादकडचे. तिकडची आमची जमीन हलकी, उताराची. पाऊस थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वडील औत जोडत. लग्नानंतर या गोदाकाठच्या काळ्या रानात आले तेव्हा पाहिले की पाऊस उघडून आठवडा होत आला तरी लोक पारावर निवांत बसलेले असत. मला वाटे, ही माणसे आळशी आहेत. पुढे एकदा घाईने परसात भेंडी लावायला गेले आणि चप्पल चिखलात अडकून निघाली, पाय मोकळाच वर आला. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "वाफसा व्हायचाय अजून. तुमच्याकडचं घड्याळ इथं चालत न्हाई, बाई."

वाफसा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतो. मातीत ओल आहे, पण चिखल नाही. हवा आहे, पण कोरड नाही. आता औत घालावे, आता बी टाकावे अशी जी मातीची अवस्था, तिला वाफसा म्हणतात. शब्द एक आहे. तो कधी येतो, हे मात्र प्रत्येक रान आपल्यापुरते ठरवते. सासूबाईंच्या त्या वाक्यात माझ्या पुढच्या सगळ्या अध्यापनाचे बीज होते, असे मी आज निःशंकपणे म्हणू शकते.

मी शाळेत रुजू झाले तेव्हा विषयाची साधने म्हणून एक मोठे खोके माझ्या ताब्यात दिले गेले. वरून कोठून तरी आलेले. त्यात गुळगुळीत कागदावरचे रंगीत तक्ते होते, प्लॅस्टिकची अवजारे होती, आणि भाताच्या रोपवाटिकेची सविस्तर चित्रे होती. आमच्या गावात भात फक्त ताटात दिसतो. एका तक्त्यावर तिफणीचे चित्र होते. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे औत. खाली नाव मात्र 'पाभर' असे छापलेले.

"बाई, पाभर म्हंजे?" एका मुलाने विचारले.

"तिफणच. तिकडे पश्चिमेला पाभर म्हणतात."

"आन् हा नांगर?" त्याने प्लॅस्टिकचा नांगर दोन बोटांत उचलला. "ह्याला बैल म्हणून उंदीर जुपायचे का?"

वर्ग हसला, मीही हसले. खोक्याचा मी राग केला नाही. तक्ता वाईट नव्हता, तो दुसऱ्या कोणाच्या तरी रानासाठी काढलेला होता, एवढेच. साधनाची माझी व्याख्या साधी आहे: जी वस्तू हातात घेतल्यावर मुलाला प्रश्न पडतो, ती साधन. ज्या वस्तूवर उत्तर आधीच छापलेले असते, ती सजावट. खोके मी कपाटात वरच्या फळीवर ठेवले आणि शाळेमागच्या तुकड्याकडे वळले.

हा तुकडा म्हणजे शाळेचे रान. संरक्षक भिंतीच्या आत, वर्गखोल्यांच्या मागे, लांबट आकाराचा. एका टोकाला लोखंडी फाटक, दुसऱ्या टोकाला बाभळीची रांग. बरीच वर्षे तिथे गाजरगवताखेरीज काही उगवले नव्हते. ही जमीन शाळेला दिली ती शाळा समितीच्या अध्यक्षांच्या वडिलांनी. अध्यक्षांना सारे गाव नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हणेन. नाना हे गावातले जुने, मोठे शेतकरी. नदीकाठी त्यांचे ऊस-कापसाचे काळेभोर रान आहे आणि गावात अगदी थोड्या घरी उरलेल्या बैलजोड्यांपैकी एक त्यांच्या दावणीला आहे. शाळेवर त्यांचा जीव आहे. शाळेच्या गोष्टीत त्यांचा शब्दही तितकाच चालतो.

शाळा सुरू होतानाच्या सभेत त्यांनी विषय काढला. मागच्या तुकड्यात फरशी टाकावी आणि वर पत्र्याचे शेड घालावे. कार्यक्रमाला सावली होईल, एरवी गाड्या उभ्या राहतील.

"आणि शेतीची प्रात्यक्षिके?" मी विचारले.

"मॅडम, राग मानू नका," नाना म्हणाले, "पण शेतकऱ्याच्या लेकरांला शेती शाळेत कायला शिकवायची? ते काय आम्ही घरी शिकवतोच की. तुम्ही त्यांना इंग्रजी शिकवा, गणित शिकवा. पेरणी आमच्यावर सोडा."

सभेतली पालकमंडळी हसून माना डोलवू लागली. मुख्याध्यापक सौम्य स्वभावाचे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कोणत्याही दोन बाजूंच्या मध्ये उभे राहायची वेळ आली की ते चष्मा पुसतात.

नानांचा प्रश्न खरा होता आणि मला तो आवडला. मी म्हटले, "नाना, मुले घरी जे शिकतात तेच मी शिकवणार असेन, तर शेड आजच घाला. पण एक हंगाम द्या. घरी शिकत नाहीत असे काही शाळेत शिकली, तर रान शाळेकडे राहू द्या."

नाना लगेच म्हणाले, "बराबर हाय. रब्बीची पेरणी होऊ द्या. मी सोता बैलं घेऊन येतो. काही दिसलं तर दिसलं, न्हाई तर दिवाळीनंतर जेसीबी." मग मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "तोवर खर्चाचा अंदाज तेवढा काढून ठेवा."

एवढेच पणाला लागले होते. पण माझ्यासाठी ते पुरेसे होते. रानाशिवाय शेती शिकवणे म्हणजे पाण्याशिवाय पोहणे शिकवणे. ते मला जमणार नव्हते आणि मी तसे करणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर एकच शब्द लिहिला: वाफसा.

पहिल्या बाकावरच्या मुलाने पुस्तकातली व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मातीच्या कणांमधील हवा व पाणी यांचे योग्य प्रमाण. त्याला शाबासकी दिली. मग विचारले, "आत्ता आपल्या मागच्या तुकड्यात वाफसा आहे का?"

ही सगळी मुले रानात राबणारी. कोणी पहाटे कापूस वेचून शाळेत येतो, कोणी शाळा सुटली की गुरे वळतो. पण उत्तर येईना. शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरची शेती गावाबाहेरच्या माळावर आहे.

"बाई, ते आमच्या बाबाला म्हाईत आसतं."

"आणि तुला?"

"बाबा म्हणतो चला, तवा आम्ही जातो."

तिने अगदी सरळपणे सांगितले आणि नानांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले. घर हाताला शिकवते आणि उत्तम शिकवते. पण 'आता' हा शब्द घरात एकच माणूस उच्चारतो. बाकीचे त्याच्यामागून चालतात. एक दिवस तो माणूस नसतो, किंवा दुसरेच रान वाट्याला येते, आणि मग राबणारे हात असूनही औत कधी जोडायचे ते कळत नाही. शाळेने शिकवायचे ते हेच: 'आता' कसे ओळखावे.

मी मुलांना आपापल्या रानातली डबाभर माती आणायला सांगितली. वरवरची नको, जिथे बी पडते त्या खोलीवरची. मातीला रानाचे नाव लावायचे. दोन दिवस वर्गात नुसता गोंधळ होता.

"ए, तुझ्या डब्यात माती हाय का सिमेंट?"

"चोपण हाय आमचं, खारवट. ओलं झाल्यावर बघ, तुझा बूट काढून ठेवतंय."

मेंढपाळाच्या घरातला एक मुलगा मोकळ्या हाताने आला. "बाई, आम्हाला रान न्हाई. मेंढरं हाईत."

"मग मेंढरांचे काय आणता येईल?"

तो दुसऱ्या दिवशी डबा भरून लेंडीखत घेऊन आला. चिठ्ठीवर त्याने लिहिले होते, 'सगळ्यांच्या रानाचं'. पुढे पेरणीच्या आधी त्याच्या वडिलांनी आपण होऊन शाळेच्या तुकड्यात काही दिवस मेंढ्या बसवल्या. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून फिरले. मी मात्र त्यांना दोनदा सांगितले की याहून चांगले खत आपल्याला कोठे मिळणार नाही.

प्रयोग सोपा होता. सर्व डब्यांत एकाच मापाने पाणी ओतायचे. पाणी तळाच्या भोकांतून निथळून जाऊ द्यायचे. मग रोज सकाळी प्रार्थनेनंतर पाळीच्या मुलाने प्रत्येक डब्यात चार बोटे खोल जाऊन चिमूटभर नव्हे, मूठभर माती घ्यायची, ती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. गोळा तसाच चपटून बसला, तर माती अजून ओली. गोळा मुळी वळलाच नाही, तर माती कोरडी पडली. आणि गोळा वळला, पण पडल्यावर फुटून पसरला, तर वाफसा. ज्या डब्यात वाफसा दिसेल त्यात वहीच्या कागदाचा छोटा झेंडा रोवायचा. काम संपले की माती परत डब्यात.

'बरड' म्हणजे हलकी, खडकाळ माती; तिच्या डब्यावर झेंडा लवकर लागला. 'आजीचं' त्याच्यामागून. 'नदीकाठ'चा डबा मात्र दिवसेंदिवस तसाच. त्या डब्याच्या मालकाची चेष्टा होऊ लागली. "तुझं रान झोपलं का रे?" आणि ज्या दिवशी त्याच्या डब्यावर झेंडा लागला, त्या दिवशी 'बरड'चा गोळा वळेनासा झाला होता. पोरे चकित होऊन दोन्ही डब्यांकडे बघत राहिली. पाणी एकाच दिवशी ओतलेले, खिडकी तीच, ऊन तेच. आणि एकाचा वाफसा येईपर्यंत दुसऱ्याचा उलटून गेला होता.

माळावरची ती मुलगी या कामात विशेष रमली. पाळी कोणाचीही असो, ही तिथे उभी. गोळा सोडण्याआधीच म्हणायची, "बसणार बघ हा," किंवा "फुटंल आता." पुढेपुढे तिला मूठ दाबतानाच कळायला लागले. मुले तिला 'वाफसाबाई' म्हणून चिडवत. तिला त्याचा राग यायचा नाही.

आमचा तुकडा खरिपात आम्ही मोकळाच ठेवला. तण काढले, दगड वेचले. रब्बीला हरभरा घ्यायचे ठरले. बी ओल्या गोणपाटात गुंडाळून मुलांनी उगवण तपासली आणि मोड आलेले दाणे पाहून मधल्या सुट्टीत त्यातले काही खाऊनही टाकले. परतीचा पाऊस जोराचा झाला. तो उघडल्यावर नानांचा निरोप आला: अमुक दिवशी सकाळी बैल घेऊन येतो.

त्या दिवशी माझी योजना अशी होती, की मुलांनी आधी तुकड्यात ठिकठिकाणी मूठ तपासायची, मग नानांना सांगायचे. पण नाना ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. आम्ही प्रार्थनेत उभे होतो तोवर बैल फाटकात आले होते. प्रार्थना संपवून मागे गेले तेव्हा नाना फाटकाजवळच वाकून माती चिमटीत चोळत होते.

"वाफसा बिलकुल बराबर हाय, मॅडम. चला, जल्दी करू. बैलं मला दुपारी दुसरीकडं न्यायचीत."

मी मुलांकडे पाहिले. मूठ तपासायची राहिली होती. पण बैल जुंपलेले होते, आणि नानांनी वहाणा काढून, धोतराचा सोगा खोचून तिफणीमागचे दांड्यासारखे रुमणे हाती घेतले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला थांबा म्हणवेना. शिवाय फाटकापाशी वाफसा होता, हे मलाही पायाला कळत होते.

तिफणीवर एक लाकडी वाटीसारखे भांडे असते, त्याला चाडे म्हणतात. त्याच्या तळाला तीन भोके, भोकांना तीन नळ्या, आणि नळ्या तिन्ही फणांमागे उतरलेल्या. तिफणीबरोबर चालत चाड्यात मुठीतून सारखे, एका लयीत बी सोडत राहायचे. चाड्यावर मूठ धरणे हे आमच्याकडे घरोघरी बायकांचे काम. पेरणी सरळ व्हायची तर तिफण हाकणाऱ्याचा हात हवा, आणि दाट-विरळ न होता व्हायची तर मूठ धरणारीचा. पण हुकूम हाकणाऱ्याचा असतो. मूठ धरणारीने मध्ये थांबायचे नसते. ओळ मोकळी गेली तर घरी चार दिवस बोलणी खावी लागतात.

"मूठ कोण धरणार?" नानांनी विचारले.

सगळ्या मुलींनी वाफसाबाईला पुढे ढकलले. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि हरभऱ्याची ओटी सावरून चाड्याशी उभी राहिली.

तिफण चालली. मुख्याध्यापक नानांच्या दुसऱ्या बाजूने चालत होते, कारण नानांना त्यांच्याशी बोलायचे होते. मी व बाकीची मुले फाटकाजवळ उभे होतो, तरी नानांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"इथं एक खांब येईल सर. आन् एक तिथं. मधी मोकळं ठेवायचं, गाडी फिरली पायजे."

ज्या रानात ते पेरत होते त्याच रानात शेडचे खांब उभे करत चालले होते. मला हसूही आले आणि दिवाळीनंतरचा जेसीबीही आठवला.

तिफण तुकड्याच्या मध्यावर पोचल्यावर मी पाहिले: मुलीची मूठ चाड्यावर होती, पण बोटे मिटलेली होती. बी पडत नव्हते. तिफण पुढे चालली होती, मुलगी बरोबर चालली होती, आणि मागे तीन ओळी मोकळ्या उमटत होत्या. आधी वाटले, बी संपले. पण ओटी तर भरलेली होती. माझ्या बाजूचा मुलगा कुजबुजला, "बाई, हिनं मूठ दाबली."

नानांच्या ते ध्यानात यायला अजून काही पावले जावी लागली. मग त्यांनी मागे पाहिले.

"होऽ!" बैल थांबले. "काय गं पोरी, मूठ का दाबली? ओळी मोकळ्या गेल्या की!"

"नाना, इथं वाफसा न्हाई."

"काय न्हाई?"

"वाफसा. फाटकापाशी हाय. इथं न्हाई, पायाला चिकटतंय."

नाना रुमणे सोडून सरळ उभे राहिले. "तुझ्या आज्याला तिफण धरायला मी शिकवलंय."

"मंग आज्याला बी हेच सांगितलं असतं मी," ती म्हणाली. मूठ तिने उघडली नाही.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. मी निघाले होते, पण वाटेत थांबले. माझ्या बोलण्याची तिथे गरज नव्हती. मुलीने मुठीतले बी ओटीत टाकले, खाली बसली, चार बोटे खोल माती उकरली, गोळा वळला आणि उभे राहून कमरेपासून सोडला. तो नानांच्या पायाशी गोवरीसारखा चपटून बसला. मग ती फाटकाकडे चालू लागली. नाना तिच्यामागून आले. फाटकापाशी तिने तसाच गोळा वळून सोडला. तो फुटून भुगा झाला.

नानांनी स्वतः दोन्हीकडे करून पाहिले. मग फाटकाजवळची माती पायाच्या अंगठ्याने उकरून म्हणाले, "ह्यात मुरूम हाय. माझ्या बापानं दिली तवा ही जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी व्हती. मुरूम कुणी टाकला इथं?"

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "नाना, तुम्हीच. खोल्या बांधल्या तेव्हा पायाचा मुरूम निघाला होता. तुमच्याच ट्रॅक्टरने इथे पसरला."

पोरांना हसू आवरेना. नाना कठोर चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग स्वतःच एवढे मोठ्याने हसले की बैल बिचकले.

"म्हंजे मीच टाकला आन् मीच इसरलो," ते म्हणाले. "मी आपला बापाच्याच रानात तिफण हाकत व्हतो."

त्यानंतर त्यांनी जे केले ते माझ्या योजनेत नव्हते. मुलांना जवळ बोलावून त्यांनी फक्त ऐकायला सांगितले, आणि चाडे रिकामे ठेवून तिफण फाटकापासून पुन्हा हळू चालवली. फण मुरमाड मातीतून जाताना खरखर वाजत होता. एका जागी खरखर मंदावली, आणि दोन पावलांनंतर थांबली. "इथं मुरूम संपला. पुढं काळी. फण बोलायचा थांबला की समजायचं रान बदललं." मग म्हणाले, "मघाशी बी आवाज थांबला असंल. मी शेडचे खांब मोजून राह्यलो व्हतो, ऐकलंच न्हाई."

ही खूण मला ठाऊक नव्हती, मुलांनाही नव्हती. त्या दिवशी डब्यांशेजारी आम्ही लावलेल्या तक्त्यात मुठीच्या परीक्षेखाली एक ओळ वाढली: फणाचा आवाज ऐकणे. जिथे आवाज बंद झाला तिथे मुलांनी चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचा हरभरा त्याच सकाळी पेरून झाला. पलीकडचे रान थांबले.

जाताना नानांनी मला काही विचारले नाही. मुलीला विचारले, "मंग हे बाकीचं कधी पेरायचं?"

"रोज मूठ बघते. आला की सांगते."

"सांग. जल्दी सांग, न्हाई तर बैलं दुसऱ्याच्या रानात जात्याल."

ती रोज सकाळी रेघेपलीकडे जाऊन मूठ बघत असे. गोळा बसला की मान हलवत परत येई. एके सकाळी प्रार्थना चालू असताना ती रांग सोडून धावत माझ्याकडे आली, तेव्हाच मी समजले. निरोप गेला, नाना बैल घेऊन आले, आणि या खेपेला त्यांनी माती चिमटीतही घेतली नाही. चाड्यावर तीच मूठ होती आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत उघडी राहिली. आधीच्या मोकळ्या गेलेल्या ओळीही तिने त्यातच भरून काढल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सभा झाली. मुख्याध्यापकांनी शेडच्या खर्चाचा कागद पुढे ठेवला. नानांनी तो न वाचता बाजूला सरकवला.

"शेड पुढच्या अंगाला घ्या. झेंड्याच्या खांबामागं."

"तिथे जागा कमी आहे, नाना. गाड्या बसणार नाहीत."

"मंग बाहेर लावतील. शेतकरी माणसं हाईत, चार पावलं चालतील." मग पालकांकडे बघून ते म्हणाले, "माझा नातू नववीत हाय. मी त्याला आजवर वाफसा आला म्हणून सांगत आलो. आला का म्हणून कधी विचारलं न्हाई. परवा विचारलं. गडी रानात गेला, माती दाबून बघितली आन् म्हणाला, अजून दोन दिवस. मला वाटत व्हतं एक. दोघं भांडत बसलो बांधावर."

"मग कोणाचे खरे ठरले?" मी विचारले.

"ते घरातलं हाय," नाना म्हणाले. सभा हसली, आणि रान शाळेकडे राहिले.

त्याच आठवड्यात नानांचा नातू आपल्या आधीच्या एका डब्याऐवजी दोन डबे घेऊन आला. दोन्ही नानांच्या एकाच रानातले, वरच्या आणि खालच्या बांधाजवळचे. "नाना म्हणले, एक नको, दोन घेऊन जा." आता ते कडप्प्यावर शेजारी शेजारी आहेत. दोघांचे झेंडे एकाच दिवशी लागत नाहीत.

शेड पुढे झाले. कार्यक्रमाला सावली होते. मागचा तुकडा दरवर्षी पेरला जातो आणि दरवर्षी रेघेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दिवशी पेरला जातो. म्हणून हरभरा वाढला की रानाच्या मधोमध एक पायरी दिसते: अलीकडे फुलोरा, पलीकडे नुसता हिरवा पाला. वरून खोक्यातून आलेल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ही पायरी मला अधिक उपयोगी पडते. कारण तिच्याकडे पाहून प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो.

गेल्या हिवाळ्यात शाळा पाहायला एक अधिकारी आले होते. फाटकात उभे राहून त्यांनी रानावर नजर टाकली आणि माझ्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "पीक असमान दिसते. पेरणीत काही चुकले का?"

मी बोलणार होते. पण नववीतली एक मुलगी पुढे झाली. वाफसाबाई केव्हाच शाळेतून पुढे गेली. ही तिच्या नंतरची.

"चुकलं न्हाई, सर," ती म्हणाली. "तुम्ही मुरमावर उभे हाईत. बूट काढा आन् इकडं या, मंग सांगते."

आणि अधिकाऱ्यांनी बूट काढले.